बुटातला खडा
पूर्व तिमोर : परक्यांच्या टीकेचा चोवीस वर्षांचा हिशेब

एखाद्या देशाच्या अशांत प्रांतावर बाहेरून कुणी बोट ठेवलं, की त्या देशाची उत्तरं ठरलेली असतात. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. तुमचा स्वतःचा इतिहास तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे? आम्ही तिथे रस्ते बांधले, शाळा काढल्या, ते तुम्हाला दिसत नाही. आणि मूठभर फुटीरांच्या सांगण्यावरून तुम्ही हे सगळं बोलता आहात. चीनने शिंजियांगबद्दल हेच सांगितलं, रशियाने चेचन्याबद्दल हेच सांगितलं. टीका करणारी सरकारंही ‘तीव्र चिंता’ व्यक्त करतात आणि दुसऱ्या दिवशी व्यापार कराराची फाइल पुढे सरकवतात. सामान्य वाचकाची पंचाईत अशी होते, की खरं कोण बोलतंय हे त्या घडीला समजायला मार्ग नसतो. पत्रकारांना प्रवेश नसतो, कागदपत्रं कुलूपबंद असतात, साक्षीदार भ्यालेले असतात.

पूर्व तिमोर हे प्रकरण या दृष्टीने वेगळं आहे, कारण त्याचा हिशेब लागलेला आहे. 1975 ते 1999 अशी चोवीस वर्षं इंडोनेशियाने या भागावर ताबा ठेवला आणि त्या काळात जगभरातून टीका झेलली. पुढे अमेरिकेची गुप्त कागदपत्रं खुली झाली, सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला, आणि मुख्य म्हणजे तिथल्या लोकांनी मत दिलं. त्यामुळे सरकारचे दावे आणि टीकाकारांचे दावे, दोन्ही पुराव्याला लावून बघता येतात. 1988 ते 1999 या काळात इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री असलेले अली अलातास या प्रश्नाला बुटातला खडा म्हणत, आणि 2006 साली त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचं नावही तेच आहे. खडा लहान होता यात शंका नाही. तो बुटात गेला कसा आणि इतकी वर्षं टोचत कसा राहिला, हे बघण्यासारखं आहे.

ज्यांनी बोलायचं तेच गप्प

तिमोर हे ऑस्ट्रेलियाच्या डार्विन शहरापासून साधारण 700 किलोमीटरवरचं बेट. पश्चिमेचा अर्धा भाग डचांकडे होता, तो इंडोनेशियात आला. पूर्वेचा अर्धा भाग पोर्तुगीजांकडे राहिला. त्याचं क्षेत्रफळ गोव्याच्या चौपट आणि 1974 सालची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास. एप्रिल 1974 मध्ये लिस्बनमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली आणि पोर्तुगालने वसाहती सोडायचं ठरवलं. तिमोरमध्ये पक्ष निघाले. ऑगस्ट 1975 मध्ये त्यांच्यात यादवी पेटली, तीत डाव्या वळणाच्या फ्रेटिलिनची सरशी झाली आणि 28 नोव्हेंबरला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. नऊ दिवसांनी, 7 डिसेंबर 1975 रोजी, इंडोनेशियाचं सैन्य राजधानी दिलीत उतरलं.

आदल्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर जकार्तात इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांच्या भेटीला होते. त्या बैठकीचा वृत्तांत 2001 साली पूर्णपणे उघड झाला. सुहार्तोंनी तिमोरचा विषय काढला तेव्हा फोर्ड यांनी आपण समजून घेऊ आणि दबाव आणणार नाही असं सांगितलं. जे करायचं ते झटपट उरकलं पाहिजे आणि आपण मायदेशी परतल्यावर झालेलं बरं, असा किसिंजर यांचा सूर होता. व्हिएतनाममधलं सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडून सातच महिने झाले होते. आग्नेय आशियात आणखी एक डावं सरकार नको, एवढंच वॉशिंग्टनला दिसत होतं. आक्रमणात वापरलेली बरीचशी शस्त्रंही अमेरिकीच होती.

ऑस्ट्रेलियाचं वागणं तर याहून बोलकं आहे. 16 ऑक्टोबर 1975 रोजी बालिबो या सीमेवरच्या गावात ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणीसाठी काम करणारे पाच तरुण पत्रकार मारले गेले. ते चकमकीत सापडले, असं जकार्ताने सांगितलं आणि कॅनबेराने ते बिनबोभाट स्वीकारलं. बत्तीस वर्षांनी, 2007 मध्ये, न्यू साउथ वेल्समधल्या मृत्युचौकशी न्यायालयाने निष्कर्ष काढला, की इंडोनेशियाच्या सैन्याने त्यांना जाणूनबुजून ठार मारलं होतं. दरम्यान 1979 साली ऑस्ट्रेलियाने तिमोरच्या विलीनीकरणाला कायदेशीर मान्यताही देऊन टाकली होती.

संयुक्त राष्ट्रसंघाने ठराव केले नाहीत असं नाही. 22 डिसेंबर 1975 रोजी सुरक्षा परिषदेने एकमताने सैन्य मागे घ्यायला सांगितलं, एप्रिल 1976 मध्ये पुन्हा सांगितलं. पण त्यामागे जोर लावायला कुणी तयार नव्हतं. राष्ट्रसंघातले तेव्हाचे अमेरिकी राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी पुढे आत्मचरित्रात जवळजवळ फुशारकीने लिहून ठेवलं, की राष्ट्रसंघाने काही करू नये हे बघण्याचं काम आपल्याकडे होतं आणि ते आपण बऱ्यापैकी यशस्वीपणे केलं. जुलै 1976 मध्ये पूर्व तिमोर इंडोनेशियाचा सत्ताविसावा प्रांत झाला.

पुढची तीन-चार वर्षं सर्वांत भीषण होती. डोंगरात गेलेल्या लोकांना बॉम्बफेक करून खाली आणलं गेलं, छावण्यांत कोंडलं गेलं, शेती बुडाली आणि दुष्काळ पडला. बाहेरची टीका त्या वेळी अगदीच क्षीण होती. ज्या काळात माणसं सर्वाधिक मेली, त्याच काळात जग सर्वांत शांत होतं.

भारताचं मत आणि गोव्याची सावली

या मौनात आपणही सामील होतो. डिसेंबर 1975 मध्ये महासभेपुढे इंडोनेशियाला माघार घ्यायला सांगणारा ठराव आला, तेव्हा 72 देशांनी बाजूने मत दिलं, 43 तटस्थ राहिले आणि 10 देश विरोधात गेले. त्या दहांत भारत होता.

याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. बांडुंगच्या आशियाई-आफ्रिकी परिषदेपासूनची मैत्री होती, पण त्याहून जवळचं कारण म्हणजे गोवा. तिमोर आणि गोवा एकाच साम्राज्याचे तुकडे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तिमोरचा कारभार गोव्यातूनच पाहिला जात असे. 1961 च्या डिसेंबरात भारताने सैन्य पाठवून गोवा मुक्त केला, तेव्हा पाश्चात्त्य देशांनी सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्ध ठराव आणला होता आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो अडला. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं 1974 च्या अखेरीस, म्हणजे तिमोरवरच्या आक्रमणाच्या वर्षभर आधी. पोर्तुगीज वसाहतीचा उरलेला तुकडा शेजारच्या मोठ्या देशात गेला, यात वावगं काय, असं दिल्लीतून दिसलं असल्यास नवल नाही. काश्मीर आणि ईशान्य भारत यांचा विचारही मनात असणारच.

तुलना सोपी आहे, पण ती टिकत नाही. गोव्यात भारतात येण्याची चळवळ गोमंतकीयांनीच वर्षानुवर्षं चालवली होती. सैन्य आल्यावर दोन वर्षांत, डिसेंबर 1963 मध्ये, तिथे विधानसभेच्या निवडणुका झाल्या. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल घेतला गेला. यशवंतराव चव्हाण आणि भाऊसाहेब बांदोडकर यांच्यासारखे वजनदार नेते विलीनीकरणाच्या बाजूचे असूनही गोव्याने नकार दिला, आणि महाराष्ट्राने तो मुकाट्याने मान्य केला. तिमोरमध्ये 1976 च्या मे महिन्यात सैन्याच्या बंदोबस्तात निवडक प्रतिनिधींची एक सभा भरवली गेली, तिने विलीनीकरणाची विनंती केली, आणि लोकांचा कौल म्हणून तीच पुढे केली गेली. कौल मागायची तयारी आहे की नाही, हा फरक लहान नाही.

महासभेतला पाठिंबा वर्षागणिक आटत गेला. 1982 साली ठराव 50 विरुद्ध 46 असा जेमतेम तरला, 50 देश तटस्थ राहिले. पुढच्या वर्षीपासून तो मताला टाकलाच नाही. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने 1985 मध्ये हत्या, बेपत्ता माणसं आणि छळ यांचा तपशीलवार अहवाल काढला, तिमोरचे बिशप कार्लोस बेलो यांनी फेब्रुवारी 1989 मध्ये राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांना पत्र लिहून सार्वमत मागितलं, आणि दोन्हींकडे सरकारांनी कानाडोळा केला. डिसेंबर 1989 मध्ये ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री गॅरेथ इव्हान्स आणि इंडोनेशियाचे अलातास यांनी तिमोरच्या समुद्रातलं तेल वाटून घेण्याचा करार केला. सह्या झाल्या त्या समुद्रावरून उडणाऱ्या विमानात. शॅम्पेनचे पेले उंचावलेल्या त्या दोघांचं छायाचित्र नंतर तिमोरच्या पाठीराख्यांनी जगभर फिरवलं.

कबरीत पुरलेल्या कॅसेट

मग 12 नोव्हेंबर 1991 चा दिवस आला. त्याआधी पोर्तुगालच्या संसदेचं शिष्टमंडळ तिमोरला येणार होतं. सोबतच्या पत्रकारांवरून वाद झाला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस भेट रद्द झाली. त्या भेटीच्या तयारीत असलेली तरुण मुलं उघडी पडली. दिलीतल्या मोटाएल चर्चमध्ये आसरा घेतलेला सेबास्तियाओ गोमिश हा तरुण मारला गेला. त्याच्या स्मृत्यर्थ निघालेली मिरवणूक चर्चपासून सांताक्रूझ कबरस्तानापर्यंत गेली आणि तिथे सैनिकांनी गोळीबार सुरू केला.

तिमोरमध्ये याआधी याहून मोठी हत्याकांडं झाली होती. या वेळी फरक इतकाच, की कबरस्तानाच्या आत मॅक्स स्टाल हा ब्रिटिश कॅमेरामन चित्रण करत होता. गोळीबार चालू असतानाच त्याने चित्रित झालेल्या कॅसेट एका ताज्या कबरीत पुरल्या. सैनिकांनी त्याला पकडलं, तासन्तास चौकशी केली आणि सोडलं. अंधार पडल्यावर तो परत आला, कॅसेट उकरून काढल्या, आणि एका डच पत्रकार महिलेने त्या लपवून देशाबाहेर नेल्या. अॅलन नेर्न आणि एमी गुडमन हे अमेरिकी पत्रकारही तिथे होते. सैनिकांनी बंदुकीच्या दस्त्यांनी मारहाण केली, त्यात नेर्न यांची कवटी फुटली.

त्या चित्रफितीत थडग्यांच्या मधून धावणारी, एकमेकांवर कोसळणारी मुलं दिसतात आणि पोर्तुगीज भाषेतली प्रार्थना ऐकू येते. ज्या देशाने 1975 साली हे बेट वाऱ्यावर सोडलं होतं, त्या पोर्तुगालमध्ये घराघरांत ती प्रार्थना ऐकली गेली आणि लोक रस्त्यावर आले. लष्कराने सुरुवातीला 19 मृत सांगितले, सरकारी चौकशीने तो आकडा सुमारे 50 वर नेला, तिमोरच्या पाठीराख्या पोर्तुगीज गटाने नावानिशी 271 जणांची यादी केली. दहा सैनिक-पोलिसांना आठ ते अठरा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. मिरवणूक काढणाऱ्यांपैकी एकाला जन्मठेप झाली.

उत्तरं आणि त्यांतलं तथ्य

आता टीकेला धार आली, तशी जकार्ताची उत्तरंही तिखट झाली. नेदरलँड्सने मदत थांबवली. इंडोनेशिया ही डचांची जुनी वसाहत असल्याने सुहार्तोंना आयतं कोलीत मिळालं. मार्च 1992 मध्ये त्यांनी डच मदत नाकारली, डचांच्या अध्यक्षतेखालचा मदतगटच मोडीत काढला आणि जागतिक बँकेच्या पुढाकाराने नवा गट उभा राहिला. मदतीचा ओघ काही थांबला नाही. एका देशाने एकट्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी त्याची जागा घ्यायची, हा खेळ असा चालतो.

इंडोनेशियाची सगळीच उत्तरं पोकळ होती असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. पोर्तुगीजांनी शतकानुशतकं राज्य करून तिमोरमध्ये नाव घेण्यासारखं काही उभारलं नव्हतं. रस्ते, शाळा, दवाखाने इंडोनेशियानेच बांधले, हे आकडेवारीत दिसतं. डचांनी इंडोनेशियात काय केलं होतं हेही जगाला ठाऊक होतं. 1993 च्या बँकॉक जाहीरनाम्यात आशियाई सरकारांनी मानवाधिकारांचा मदतीच्या अटींसाठी वापर करू नका असं बजावलं, त्यामागे खरा अनुभव होता. पाश्चात्त्य सरकारं दुटप्पी वागत होती, यात वाद नाही.

पण यांतलं एकही उत्तर सांताक्रूझला किती माणसं मेली या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. टीकाकाराचा स्वार्थ त्याने कधी बोलायचं हे ठरवतो. तो जे बोलतो ते खरं की खोटं, हे त्या स्वार्थावरून ठरत नाही. ते पुराव्यावरूनच ठरतं, आणि पुरावा गोळा करायला तर मज्जाव होता.

शिवाय टीका फक्त परक्यांची नव्हती. ‘जकार्ता जकार्ता’ या साप्ताहिकाने दिलीच्या हत्याकांडाबद्दल साक्षीदारांचं म्हणणं छापलं, म्हणून जानेवारी 1992 मध्ये तिथल्या संपादकांना पदं सोडावी लागली. त्यांपैकी सेनो गुमिरा अजिदर्मा हे कथाकार. बातमीत जे छापता येईना ते त्यांनी कथांत लिहिलं. 1994 मध्ये ‘साक्सी माता’, म्हणजे ‘साक्षीदार’, हा त्यांचा कथासंग्रह आला. जॉर्ज अदितजोन्द्रो या अभ्यासकाने तिमोरमधल्या मृत्यूंबद्दल जाहीर लेखन केलं आणि त्यांना पुढे ऑस्ट्रेलियात राहावं लागलं. टीका म्हणजे परक्यांचं कारस्थान, असं म्हणणाऱ्यांना घरातल्या या माणसांबद्दल बोलता येत नव्हतं.

टीकेची जात बोलणाऱ्यावरही अवलंबून असते, हे 1997 च्या जुलैमध्ये दिसलं. अधिकृत दौऱ्यावर आलेल्या नेल्सन मंडेलांनी सुहार्तोंकडे तिमोरचे कैदेतले नेते शानाना गुश्माव यांना भेटायची परवानगी मागितली. वॉशिंग्टन किंवा लंडनला जे ऐकवता येतं ते मंडेलांना ऐकवणं सुहार्तोंना शक्य नव्हतं. भेट झाली. त्याआधी 1996 चं शांततेचं नोबेल बिशप बेलो आणि परदेशातून लढणारे जुझे रामोश-ओर्ता यांना विभागून मिळालं होतं.

1999

तरीही तिमोर सुटलं ते केवळ टीकेमुळे नव्हे. 1997 च्या आशियाई आर्थिक संकटाने इंडोनेशियाची अर्थव्यवस्था कोसळली, मे 1998 मध्ये सुहार्तोंना पायउतार व्हावं लागलं आणि बी. जे. हबिबी अध्यक्ष झाले. नाणेनिधीच्या कर्जावर उभ्या असलेल्या देशाला हा खडा आता परवडेना. जानेवारी 1999 मध्ये हबिबींनी निवड तिमोरवर सोपवली आणि मे महिन्यात न्यूयॉर्कला करार झाला. मात्र बंदोबस्त इंडोनेशियाच्याच पोलिसांकडे राहिला. याची किंमत पुढे मोजावी लागली.

30 ऑगस्ट 1999 रोजी लष्कराने पोसलेल्या टोळ्यांच्या धमक्या झुगारून लोक पहाटेपासून रांगेत उभे राहिले. मतदान झालं 98.6 टक्के. इंडोनेशियात स्वायत्तता घेऊन राहण्याचा प्रस्ताव 78.5 टक्क्यांनी फेटाळला. 4 सप्टेंबरला निकाल जाहीर झाला आणि टोळ्यांनी देश पेटवला. सुआई गावच्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या लोकांना पाद्र्यांसकट मारलं गेलं. त्या वर्षी सुमारे 1,400 माणसं मारली गेली, अडीच लाखांच्या आसपास लोक पश्चिम तिमोरमध्ये हाकलले गेले, बहुतेक इमारती जळाल्या.

आणि इथे चोवीस वर्षांचं कोडं आठवड्याभरात सुटलं. 9 सप्टेंबरला बिल क्लिंटन यांनी इंडोनेशियाशी लष्करी संबंध थांबवले, नाणेनिधी आणि जागतिक बँकेने हात आखडता घेतला. 12 सप्टेंबरला हबिबींनी आंतरराष्ट्रीय सैन्याला होकार दिला. 20 सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली सैन्य दिलीत उतरलं. हीच सरकारं, हाच दबाव 1975 मध्येही हाताशी होता.

टीकाकारांची बाकी

20 मे 2002 रोजी तिमोर-लेस्ते स्वतंत्र झालं. सत्यशोधन आयोगाने 2005 मध्ये अहवाल दिला. त्यानुसार संघर्षामुळे किमान 1,02,800 माणसं दगावली, त्यांतली सुमारे 18,600 हत्या किंवा बेपत्ता होण्याची प्रकरणं आणि बाकीचे बळी उपासमारीचे व आजारांचे. सर्वाधिक अंदाज 1,83,000 पर्यंत जातो. हत्या आणि बेपत्ता होण्याच्या प्रकरणांपैकी सुमारे 70 टक्क्यांची जबाबदारी आयोगाने इंडोनेशियाचं सैन्य आणि त्याच्या साथीदारांवर ठेवली. फ्रेटिलिननेही आपल्याच लोकांना मारलं होतं, तेही आयोगाने लपवलं नाही. टीकाकार जे सांगत होते ते मुळात खरं होतं, असाच या अहवालाचा अर्थ.

न्याय मात्र झाला नाही. इंडोनेशियाच्या विशेष न्यायालयात 1999 च्या हिंसाचाराबद्दल 18 जणांवर खटले चालले, आणि अपिलं संपेपर्यंत अठराही जण सुटले. मोठ्या शेजाऱ्याशी वैर परवडत नाही म्हणून तिमोरच्या नेत्यांनीही समेटाचा रस्ता धरला. टीका करणारे देश तोवर पांगले होते. ऑस्ट्रेलियाच्या गुप्तहेरांनी तर 2004 मध्ये, तेलाच्या वाटाघाटी चालू असताना, याच नवजात देशाच्या मंत्रिमंडळाच्या खोलीत ध्वनियंत्रं लपवली होती. हे प्रकरण फुटलं आणि नवा सागरी करार व्हायला 2018 साल उजाडलं. तिमोरमध्ये काम केलेले लष्करी अधिकारी प्रबोवो सुबियांतो यांना अमेरिकेने 2000 साली व्हिसा नाकारला होता. 2020 मध्ये ते संरक्षणमंत्री म्हणून वॉशिंग्टनला गेले आणि ऑक्टोबर 2024 पासून ते इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष आहेत. ज्या तिमोरच्या बाजूने मत द्यायला भारत तयार नव्हता, त्या तिमोरने ऑगस्ट 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांना आपला सर्वोच्च नागरी सन्मान दिला. देशांची स्मरणशक्ती त्यांच्या गरजेइतकीच असते.

मग परक्यांच्या टीकेचं मोल काय? सरकारांच्या टीकेचं मोल त्यांच्या धोरणाइतकंच, म्हणजे वारा फिरेपर्यंत. पण कबरीतून कॅसेट काढणारा कॅमेरामन, अहवाल लिहिणारे अभ्यासक, पदं गमावणारे संपादक यांच्या टीकेने नोंद तयार झाली. 1999 मध्ये जेव्हा वारा फिरला, तेव्हा जगाला काय घडतंय हे नव्याने समजावून सांगावं लागलं नाही, कारण ती नोंद तयार होती. सरकारांचा दबाव आठवड्याभरात कामाला आला खरा, पण तो वापरायची लाज त्यांना याच माणसांनी आणली.

अशा बातम्या आपण रोज वाचतो, कधी दुसऱ्या देशाबद्दल, कधी आपल्याच देशाबद्दल. टीका करणारा कोण आणि त्याचा स्वार्थ काय, हे जरूर विचारावं. पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारावा : तिथे जाऊन डोळ्यांनी बघू इच्छिणाऱ्याला सरकार आत सोडतं का? सोडत नसेल, तर अंतर्गत प्रश्न, जुने हिशेब आणि नवे रस्ते या बाकी सगळ्या उत्तरांवर विश्वास ठेवायची घाई करू नये.